थेंबदिवा

लेकीचं बाळंतपण मीच करणार, असं उत्तम आवटीनं जाहीर केलं तेव्हा समोरच्या बिल्डिंगमधल्या सुलोचनाबाई हसल्या.

"अण्णा, बाळंतपण म्हणजे काय सिग्नलचा खांब आहे? चढलं आणि तेल घातलं?"

उत्तमनं मनावर घेतलं नाही. मिरज जंक्शनच्या सिग्नल खात्यात त्याचा उभा जन्म गेला होता, आणि तिथं शिकलेली एक गोष्ट त्याला पक्की ठाऊक होती. कुठलंही काम आधी कुणालाच येत नसतं. बायको सुरेखा असती तर त्याला स्वयंपाकघरात पाऊल टाकायची वेळ आली नसती. पण सुरेखा दिवाळीच्या तोंडावर गेली, आणि पहिलं बाळंतपण माहेरीच व्हायचं म्हणून स्वराली संक्रांतीनंतर मिरजेला आली. पुण्याच्या सासूबाई म्हणाल्या होत्या, इकडेच राहू दे, इथं सगळी सोय आहे. स्वरालीनं ऐकलं नाही. "आई नाही म्हणून माहेर नाही का?" एवढंच ती म्हणाली.

मुलगी झाली. उत्तमनं पहिली अळिवाची खीर अळीव न भिजवताच केली, ती स्वरालीनं हसत हसत चावून खाल्ली. डिंक दोनदा जळाला. तिसऱ्यांदा फुलला तेव्हा त्यानं झारा हातात धरून सुरेखाच्या फोटोकडे बघितलं, आणि मग उगाचच गॅसची शेगडी पुसत बसला.

एक गोष्ट मात्र त्याला करावी लागली नव्हती. ती सुरेखानं करून ठेवली होती. फडताळात चिनी मातीची एक बरणी होती. स्वरालीला दिवस गेल्याचं कळलं तेव्हा सुरेखाला धड बसवतही नव्हतं. तरी तिनं भूपाल उपाध्येच्या काष्ठौषधीच्या दुकानातून शतावरी आणवली, आणखी कसली कसली मुळं आणवली, त्याच्याकडचं 'बळाचं मिश्रण' आणवलं, सगळं कुटून वस्त्रगाळ केलं आणि बरणी भरली. स्वतःही त्यातलंच घ्यायची. "मी असेन नसेन," ती म्हणाली होती, "पोरीला रोज सकाळी दुधातून एक चमचा. विसरू नका."

उत्तम विसरला नव्हता. एकही दिवस.

थेंबदिवा पुण्याहून आला. सासूबाईंनी, म्हणजे मनीषाताईंनी, नातीला पाठवलेली पहिली भेट. सुपारीएवढी पांढरी डबी, वर एक खळगा, कडेला बारीक दिवा. पाजायच्या आधी आईनं दुधाचा एक थेंब खळग्यात टाकायचा. डबी त्या थेंबातले रेणू मोजायची. प्रत्येक रेणूचं वजन वेगळं, प्रकाश शोषून घ्यायची रीत वेगळी, म्हणजे एका अर्थी प्रत्येकाच्या बोटाचा ठसाच वेगळा. डबीच्या आत हजारो ठसे साठवलेले होते: गोळ्या, सिरप, चहातलं कॅफिन, तंबाखूतलं निकोटिन. आईच्या पोटात गेलेली वस्तू रक्तात उतरते, रक्तातून दुधात झिरपते. जो रेणू लहान आहे, चरबीत विरघळतो, तो जास्त झिरपतो. जो मोठा आहे, रक्तातल्या प्रथिनांना चिकटून बसतो, तो कमी. काय झिरपलं आणि किती, हे डबी सांगायची. दिवा हिरवा झाला तर पाजा. पिवळा झाला तर थोड्या वेळानं पाजा, उतरेल. लाल झाला तर पाजू नका, डॉक्टरांना विचारा.

आणि थेंबात असं काही सापडलं की ज्याचा ठसा डबीकडे नाहीच, तर दिवा लागायचाच नाही. फोनवर नुसती ओळ यायची, 'ओळख पटली नाही.'

ही ओळ एकट्या स्वरालीच्या फोनवर येत नसे. डबी घेताना घरच्या सगळ्यांचे नंबर जोडायचे असतात. स्वरालीच्या नवऱ्याचा, तन्मयचा जोडला होता, मनीषाताईंचा जोडला होता, आणि जावयाच्या आग्रहानं उत्तमचाही. त्यामुळे मिरजेत थेंब पडला की पुण्यात फोन वाजायचा.

पहिल्याच सकाळी बरणीतला चमचा घेतल्यावर दिवा विझलेला राहिला. उत्तम शेजारीच उभा होता. विझलेला दिवा बघून त्याच्या डोक्यात काहीतरी हललं, जुनं, कामावरचं. पण तेवढ्यात स्वराली पेल्याच्या तळाचं बोटानं पुसून चाटत म्हणाली, "अण्णा, अगदी आईच्या हातची चव आहे." तिचे डोळे भरले होते. उत्तमच्या डोक्यात आलेलं तिथंच राहिलं.

"लाल नाही ना झाला?" तो म्हणाला. "मग झालं."

संध्याकाळपर्यंत दिवा हिरवा व्हायचा. रोज तसंच. सकाळी विझलेला, संध्याकाळी हिरवा. आणि रोज सकाळी पुण्याहून फोन.

"भाऊ, आजही दिवा लागला नाही."

"जडीबुटी आहे ताई. यंत्राला काय कळतंय शतावरी."

"यंत्राला कळत नाही ते तुम्हाला कळतं?"

"माझ्या बायकोला कळत होतं."

यावर मनीषाताई फोन ठेवायच्या. मेलेल्या माणसाशी वाद कसा घालणार? उत्तमला ते ठाऊक होतं, आणि तो मुद्दाम तिथंच जाऊन थांबायचा.

मग स्वरालीला सर्दी झाली.

साधी सर्दी. नाक चोंदलं, घसा खवखवला, अंग कणकणलं. पण बाळ छातीशी, त्यामुळे साधं काहीच उरलं नाही. उत्तमनं तुळस, आलं, दोन लवंगा आणि ज्येष्ठमधाची चांगली बोटभर काडी घालून काढा उकळला. थेंब टाकला. दिवा विझलेला. फोन वाजला. काढ्याचा पेला स्वरालीच्या हातातच होता, तो पडद्यावर दिसला.

"पुरे झाले हे झाडपाल्याचे प्रयोग," मनीषाताई म्हणाल्या. "ती बाळंतीण आहे, वनस्पती उद्यान नाही."

"ताई, आपल्या आज्या काय पीत होत्या?"

"आपल्या आज्यांची किती पोरं जगली ते पण सांगा ना."

स्वरालीनं फोन उताणा पलंगावर ठेवला आणि दोघांना बोलू दिलं. तिला शिंक आली, बाळ दचकून रडलं, तेव्हा दोघं थांबली.

त्या दिवशी तन्मयनं पुण्याहून गोळ्यांचं एक पाकीट पाठवलं. दुपारपर्यंत दारात. नाक मोकळं करणारी गोळी, दुकानात सहज मिळते तसली. फोनवर डबीच्या यादीत आधी नाव टाकून बघितलं होतं त्यानं. स्वरालीनं घेतली, थोड्या वेळानं थेंब टाकला, आणि दिवा लखलखीत हिरवा लागला. पुण्याहून मनीषाताईंनी हात जोडल्याचं चित्र पाठवलं. तन्मयनं फोन करून सांगितलं, "अण्णा, राग मानू नका. पण बघा ना, दिवा लागलाय तो कसा स्वच्छ."

राग नाही, असं उत्तम म्हणाला. काढा मोरीत ओतला आणि पातेलं गरजेपेक्षा जास्त घासलं.

गोळीनं सर्दी खरंच उतरली. स्वराली मोकळा श्वास घेऊ लागली. सकाळ, दुपार, संध्याकाळ गोळी चालू राहिली, कारण नाक पुन्हा चोंदायचं आणि बरणीच्या चमच्यानंतरची सकाळची वेळ सोडली तर दिवा प्रत्येक वेळी हिरवाच यायचा. याच दिवसांत बाळ बिनसलं.

आधी कुणाच्या लक्षात आलं नाही. बाळ छातीशी लागायचं, ओढायचं, सोडायचं, पुन्हा तोंड वळवून शोधायचं, आणि मग रडायचं. नुसती किरकिर नव्हती ती. आवाज पोटातून यायचा. स्वराली एका बाजूनं दुसऱ्या बाजूला घ्यायची, उठून फेऱ्या मारायची, बसायची, परत घ्यायची. उत्तम खोलीच्या दारात उभा राहायचा, आत यावं की नाही कळायचं नाही. बाप होता तो. सुरेखा असती तर आत जाऊन पदराखाली बघितलं असतं, बाळ नीट धरलंय का, दूध येतंय का. तो नुसता दारातून विचारायचा, "काय म्हणतंय?"

"भूक म्हणतंय," स्वराली म्हणाली. "अण्णा, मला दूध कमी येतंय."

"असं कसं? दिवा तर हिरवा आहे."

"मला काय माहीत. छाती पहिल्यासारखी भरत नाही."

उत्तम स्वयंपाकघरात गेला. दूध कमी पडलं तर काय करायचं हे त्याला एकाच माणसानं सांगून ठेवलं होतं. त्यानं बरणी खाली काढली आणि एका चमच्याचे दोन केले. सकाळी दोन, संध्याकाळी दोन. स्वरालीनं काही विचारलं नाही. पेला रिकामा केला आणि तळ बोटानं पुसून घेतला. आता दिवा संध्याकाळीही विझलेला राहू लागला.

बाळाच्या लंगोट्या कमी ओल्या होऊ लागल्या. मालिशवाली तिला पायांवर घेऊन म्हणाली, "अण्णा, पोर हलकी लागाय लागलीया हो." उत्तमनं तिला तोंड मिटायला सांगितलं, मग मागोमाग जाऊन चहा विचारला.

रविवारी पुण्याची गाडी दारात उभी राहिली. मनीषाताई उतरल्या, तन्मय उतरला, आणि मागच्या सीटवरून पावडरच्या दुधाचे डबे उतरले.

मनीषाताई आत आल्या त्या सरळ बाळाकडे. तिला उचललं, हातात तोललं, आणि त्यांचा चेहरा बदलला. भांडायच्या तयारीनं आलेली बाई एकदम म्हातारी दिसली.

"तन्मय, बॅग भर हिची. आजच जायचं."

"आई, जरा बसा तर," स्वराली म्हणाली.

"बसायला काय राहिलंय? सकाळ संध्याकाळ दिवा विझलेला. पोर वाळून चाललीय. यांच्या हट्टापायी."

"माझ्या हट्टापायी?" उत्तमचा आवाज चढला. "दूध वाढावं म्हणून देतोय मी. ते डबे आणलेत तुम्ही, ते कशाला? दूध तोडायला?"

"अण्णा, तोडायला नाही," तन्मय म्हणाला. "पोट भरायला."

"माझ्या पोरीला दूध नाही असं ठरवून आलात?"

"अहो, बाळाचं पोट भरायला नको का," मनीषाताई म्हणाल्या, "तुमच्या पोरीचा मान मोठा की..."

"गप्प बसा सगळे," स्वराली म्हणाली.

ती पलंगावर बसून होती, केस विस्कटलेले, डोळ्यांखाली काळं. "तुम्ही तिघंही रोज माझ्या दुधाचा रंग बघता. लाल का, हिरवा का, विझला का. स्वराली, तू कशी आहेस, असं शेवटचं कुणी विचारलं? आठवा."

कुणाला आठवलं नाही.

"मला पुण्याला जायचं नाही आणि इथंही असं राहायचं नाही. मुजावर मॅडमकडे चला. त्या जे सांगतील ते करायचं. डबे पण घ्या, बरणी पण घ्या, गोळ्या पण घ्या. सगळं त्यांच्यासमोर मांडा."

उत्तमनं बरणी टॉवेलात गुंडाळून पोटाशी धरली. मनातून त्याला बरंच वाटलं. डॉक्टर बाई शिकलेली आहे, तिच्याकडे मोठं यंत्र आहे. ती सांगेल शतावरी काय असते ते. सगळ्यांसमोर सांगेल.

डॉ. नाझनीन मुजावर मुलांच्या डॉक्टर. मिरजेतच वाढलेल्या, बोलायला रोखठोक. त्यांनी बाळाला वजनकाट्यावर ठेवलं, टाळू बघितली, कातडीला चिमटा घेऊन बघितला. मग आधी पेल्यातून थोडं पावडरचं दूध पाजायला लावलं. बाळ अधाशासारखं प्यालं. उत्तमनं मान वळवली.

"तोंड वळवू नका काका," डॉक्टर म्हणाल्या. "उपाशी पोराला जेवायला घातलंय. यात हरलं कोण?"

मग त्यांनी गोळीचं पाकीट उचललं. "ही किती दिवस?"

"सर्दी झाल्यापासून," स्वराली म्हणाली. "दिवा हिरवा यायचा म्हणून."

"येणारच हिरवा. दुधात फार थोडी उतरते ही. बाळाला तिच्यामुळे फारसा धोका नाही, डबी खोटं बोलत नाही. पण ही गोळी नाकातल्या रक्तवाहिन्या आवळते, म्हणून नाक मोकळं होतं. आणि बऱ्याच बायकांचं दूध हिच्यामुळे कमी होतं, काहींचं तर एकाच गोळीनं. थेंबात काय आहे ते डबीनं सांगितलं. थेंब किती येतायत हे तिला कुणी विचारलंच नाही."

तन्मयनं पाकिटाकडे बघितलं आणि ते हळूच खिशात घातलं, जणू ते लपवता येण्यासारखं होतं. मनीषाताई पुटपुटल्या, "मीच म्हटलं होतं, घेत राहा."

उत्तमला वाटलं, आता माझी पाळी. रेल्वेत हिरव्या दिव्याचा अर्थ एवढाच असतो की पुढची लाईन मोकळी आहे. इंजिनात दम आहे की नाही हे तो सांगत नाही. हे त्याला बोलावंसंही वाटलं. पण डॉक्टरांनी टॉवेल सोडून बरणीचं झाकण उघडलं होतं.

"आणि हे?"

"शतावरी," उत्तम म्हणाला. "तिच्या आईनं केलेली."

"नुसती शतावरी?"

"आणखी मुळं आहेत काही. आणि दुकानातलं बळाचं मिश्रण."

"त्यात काय असतं?"

"बळ यायचं असतं," तो म्हणाला. आपलंच बोलणं त्याला पोरकट ऐकू आलं.

"दिवा काय दाखवायचा?"

"काहीच नाही. विझलेला असायचा."

हे वाक्य त्याच्या तोंडातून बाहेर पडलं आणि उत्तम खुर्चीत ताठ झाला. इतके दिवस डोक्यात अडकलेलं ते काहीतरी आता सुटं झालं. नोकरीच्या पहिल्या आठवड्यात पाठ करून घेतलेला नियम होता तो. विझलेला सिग्नल म्हणजे लाल सिग्नल. दिवा नाही याचा अर्थ धोका नाही असा कधीच धरायचा नाही. गाडी थांबवायची. आणि दिवा पुन्हा लागेपर्यंत खांबाशेजारी लाल झेंडा घेऊन माणूस उभा करायचा. बेळगाव लाईनवर तो स्वतः असा किती वेळा उभा राहिला होता. झोपेत विचारलं असतं तरी त्यानं हा नियम सांगितला असता. आणि आपल्या घरात, आपल्या नातीच्या डोक्याशी, रोज सकाळी दिवा विझत होता, आणि त्यानं गाडी जाऊ दिली होती. वर वेगही वाढवला होता.

"मी थोडी पूड तपासायला पाठवते," डॉक्टर म्हणाल्या. "आईचं आणि बाळाचं रक्तही. ही डबी औषधांचे, वनस्पतींचे रेणू बघते. धातू तिला दिसतच नाहीत. त्यासाठी वेगळी तपासणी लागते. तोवर हे बंद. गोळीही बंद. नाकात मिठाच्या पाण्याचे थेंब टाक, वाफ घे, ताप आला तर साधी पॅरासिटामॉल. बाळाला सारखं छातीशी घे, आधी छाती, मग कमी पडेल तेवढं पेल्यातून. दूध परत येईल."

"आणि काढा?" उत्तमनं विचारलं.

"तुळस, आलं चहात घालतो तेवढं असू दे. ज्येष्ठमध मात्र बोटभर काडी नको. झाडापासून आलं म्हणून ते औषध नसतं असं नाही, काका. औषध असेल तर त्याला मात्रा असते."

स्वराली पुण्याला गेली नाही. मनीषाताई मिरजेतच राहिल्या. पहिल्या दिवशी त्यांनी उत्तमचं स्वयंपाकघर बघितलं आणि म्हणाल्या, "तिखटाच्या डब्यात हळद?" दुसऱ्या दिवशी त्यांनी त्याच्या हातचा डिंकाचा लाडू खाल्ला, आणि दुसरा घेतला. त्या स्वरालीच्या खोलीत आत जाऊ शकत होत्या, बाळ कसं धरायचं दाखवू शकत होत्या. उत्तम दाराबाहेर उभा राहून ऐकायचा. "अशी नाही गं, अशी. हनुवटी टेकू दे." त्यांच्या आवाजात त्याला मध्येच दुसराच आवाज ऐकू यायचा, आणि तो गॅलरीत निघून जायचा.

दूध परत आलं. हळूहळू, पण आलं. एका दुपारी बाळ पिता पिता झोपलं, तोंडाच्या कोपऱ्यातून दुधाचा ओघळ आला, आणि मनीषाताईंनी बाहेर येऊन उत्तमला खुणेनं बोलावलं. दोघं दारातून बघत उभी राहिली. थेंबदिवा खिडकीत पडून होता.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी बोलावलं. उत्तम एकटाच गेला.

"शिसं आहे," डॉक्टर म्हणाल्या. "पुडीत. कुठल्यातरी भस्मातून आलं असावं, त्या मिश्रणातल्या. शतावरीचा यात दोष दिसत नाही. स्वरालीच्या रक्तात थोडं चढलंय. थोडे दिवसच घेतलं तिनं, म्हणून निभावलं. कॅल्शियम, लोह देऊ, पुन्हा तपासू. बाळाचं जवळजवळ ठीक आहे. पाजणं थांबवायचं नाही."

उत्तमनं मान हलवली. बराच वेळ हलवत राहिला.

"काका, ही पूड घरात आणखी कुणी घेत होतं का?"

भिंतीवर बाळांचे फोटो होते. उत्तमनं ते एकेक करून बघितले.

"तिची आई," तो म्हणाला. "वर्षभर. आधी नुसतं मिश्रण, मग हे."

डॉक्टरांनी हातातलं पेन खाली ठेवलं. "त्यांना काय त्रास होता?"

"पोटात कळा यायच्या. रक्त कमी. थकवा. शेवटी मूत्रपिंडं गेली. डॉक्टर म्हणाले, असं होतं कधीकधी."

"खरंच होतं असं कधीकधी," डॉक्टर म्हणाल्या. "मला सांगता येणार नाही काका. तपासायला आता..."

"काही नाही," उत्तम म्हणाला. "कृष्णेत सोडलं सगळं."

तो बाहेर आला आणि चालत सुटला. घराकडे नाही. पाय नेतील तिकडे. एकच गोष्ट त्याला आठवायची होती. आधी थकवा आला की आधी चमचा आला? थकवा आला म्हणून तिनं मिश्रण घ्यायला सुरुवात केली, हे नक्की. पण पोटातल्या कळा? त्या आधीच्या का? आदल्या वर्षी गणपतीत ती मोदक करत होती, तेव्हा ठीक होती. पण मोदक करताना मध्येच बसली होती का? त्याला तिचे हात आठवत होते, पिठानं पांढरे. पण चेहरा दुखऱ्या माणसाचा होता की नाही, ते काही केल्या आठवेना. ती रोज सकाळी चमचा तोंडात घालून वर पाणी प्यायची, आणि तो शेजारी बसून पेपर वाचायचा. तिच्या कुठल्याच थेंबाला दिवा नव्हता.

पाय थांबले ते भूपाल उपाध्येच्या दुकानासमोर. भांडायला आलो आहोत हे त्याला तिथं पोचल्यावर कळलं.

"या की अण्णा," भूपाल म्हणाला. उत्तमच्याच वयाचा, तसाच टकला. पोत्यांच्या मधोमध खुर्चीवर त्याची सून बसली होती, मांडीवर बाळ, हातात वाटी. गल्ल्यावर पांढरी डबी होती. खळग्यात थेंब, आणि कडेचा दिवा विझलेला.

"बघा, आमच्याकडं पण आलंय यंत्र," भूपाल हसून म्हणाला. "जाहिरात करावी म्हणतोय. बळाचं मिश्रण घेतलं की दिवा लागतच नाही. कायच सापडत नाही त्याला. एवढं शुद्ध हाय."

वर्षभराचं उत्तमच्या तोंडाशी आलं होतं. पण सुनेनं वाटीतला चमचा उचलला, आणि ते सगळं बाजूला राहिलं.

"पोरी, खाली ठेव तो."

त्याच्या आवाजात असं काहीतरी होतं की तिनं चमचा खाली ठेवला.

"काय झालं अण्णा?" भूपालचं हसू अजून चेहऱ्यावरच होतं.

उत्तमनं सांगितलं. पूड, डॉक्टर, शिसं, स्वरालीचं रक्त. आवाज न चढवता सांगितलं, ड्यूटीवर दुसऱ्या पाळीच्या माणसाला सांगतात तसं. भूपाल मध्येच म्हणाला, "आपल्या मालात नसणार. सांगलीचा व्यापारी आहे, वडिलांपासूनचा." मग म्हणाला, "आम्ही घरात खातो अण्णा, विष विकून आपल्याच सुनेला घालीन का मी?" मग त्याचा चेहरा हळूहळू उतरला.

"वहिनी," तो म्हणाला. "वहिनी पण हेच न्यायच्या."

"हो."

"म्हणजे वहिनींना..."

"माहीत नाही," उत्तम म्हणाला. "आता कुणालाच कळणार नाही ते."

सून बाळाला छातीशी धरून उठली. "मी काय करू काका?"

"वाटी ठेव. मुजावर मॅडमकडं जा आत्ता. बाळाला घेऊन जा. दूध तोडू नकोस, त्या सांगतील."

ती गेली. भूपाल पोत्याकडे बघत बसला. मग उठून त्यानं मिश्रणाच्या पोत्याचं तोंड सुतळीनं बांधलं. गाठ नीट बसेना. उत्तमनं बोट ठेवलं तेव्हा बसली.

"आणखी कुणाकुणाला दिलंय?"

"पुष्कळांना. बाळंतिणीच जास्त," भूपाल म्हणाला. "महिन्याची गिऱ्हाइकं. येतील आता, संपलं की येतात."

डॉक्टरांना फोन झाला. नमुने घ्यायला त्यांचा माणूस येणार होता, पण तोवर दुकानात गिऱ्हाईक यायचं थांबणार नव्हतं. उत्तमनं गल्ल्यावरची विझलेली डबी उचलली, दाराशी पायरीवर ठेवली, आणि तिच्या शेजारी बसला. पहिली बाई आली. हातात रिकामी बरणी.

"ताई, जरा थांबा," उत्तम म्हणाला.

तिच्याशी बोलणं संपतंय तोच फोन वाजला. स्वराली होती. मागे मनीषाताई बाळाला काहीतरी गात होत्या, बेसूर.

"अण्णा, कुठं आहात? सगळे जेवायचे थांबलेत."

रस्त्याच्या टोकाला आणखी एक बाई या दुकानाकडे वळली होती. उत्तम उभा राहिला.

"तुम्ही जेवून घ्या," तो म्हणाला. "मी ड्यूटीवर आहे."